वेदनारहित

मार्च महिन्यातील एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, नुकत्याच उघडलेल्या एका दंतचिकित्सालयाच्या आतल्या खोलीत, सारी हयात वस्तरा चालवलेले एक न्हावी, अण्णा, प्रथमच दुसऱ्याच्या खुर्चीत मान टेकवून बसले होते. ही खुर्ची आपल्या दुकानातल्या खुर्चीहून मऊ आहे, हे त्यांनी दोनदा बोलून दाखवले.

त्यांची मुलगी शेजारी उभी होती. सुईला अण्णा फार भीत, म्हणून दाढेचे दुखणे त्यांनी कितीतरी महिने अंगावर काढले होते. पुढे ते आपोआप थांबले, तेव्हा तर त्यांनी घरभर मिरवून घेतले. पण आता दाढ हलू लागली होती. "टोचलेलं कळणारसुद्धा नाही," असे शपथेवर सांगून मुलीने त्यांना इथवर आणले होते.

"काका, ही आमची सुई," तरुण डॉक्टरीणबाईंनी पेनासारखी एक वस्तू दाखवली. "औषध थेंबाथेंबाने यंत्रच सोडतं. कानात गाणी, वर छतावर समुद्र. दुखलं तर हे बटण दाबा, मी लगेच थांबेन."

"आमच्या धंद्यात असं बटण नव्हतं ते बरं," अण्णा म्हणाले. "गिऱ्हाइकांनी हात काढला नसता त्याच्यावरून."

"गिऱ्हाइकांचं सोडा," मुलगी म्हणाली. "हल्ली स्वतःचीच हनुवटी कापून घेता, पत्ता नसतो."

हनुवटीच्या डाव्या बाजूला दोन खपल्या होत्या.

"हात म्हातारा झाला, दुसरं काय," म्हणत अण्णांनी कानांवर गाणी चढवली आणि बटण मुठीत धरले.

बाईंनी प्रथम एक बारीक टोकाची सळई घेतली. उजव्या ओठाला ती लागताच अण्णा दचकले. डाव्या ओठाला लावली, ते समुद्र पाहत राहिले. हनुवटीवर टेकवली. मग हलत्या दाढेखालच्या हिरडीवर जरा दाबली. रक्ताचा एक थेंब वर आला. बटण वाजले नाही.

"मानलं बुवा तुम्हाला," कानांत गाणी असल्याने अण्णा मोठ्याने बोलले. "ओठ पार लाकडासारखा झालाय. उगाच भीत राहिलो इतके दिवस."

"सांगत नव्हते मी?" मुलीला हसू आवरेना.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी क्ष-किरणांचे यंत्र अण्णांच्या गालाजवळ ओढले. क्षणभरात पडद्यावर जबडा उमटला. दाढेखाली जिथे पांढरे हाड दिसायला हवे, तिथे वाळवीने पोखरलेल्या चौकटीसारखे काहीतरी काळे पसरले होते.

मुलीचे पडद्याकडे लक्ष नव्हते. "काढून टाका आजच," ती म्हणाली. "इतकं छान बधिर झालंय, तर पुन्हा खेप कशाला?"

बाईंनी तबकातली सुई उचलून तिच्यासमोर धरली. टोपण तसेच होते.

"सुई मी अजून लावलेलीच नाही."

मुलीने सुईकडे पाहिले, मग अण्णांच्या हनुवटीवरच्या खपल्यांकडे. छतावर लाटा येत होत्या, आणि अण्णांचे पाऊल गाण्याबरोबर हलत होते.

"गाठ आहे. हाड खात खात जबड्याच्या नसेपर्यंत गेलीय," बाई म्हणाल्या. "दुखत होतं, तेव्हाच आणायला हवं होतं."