सालभर काय पाहिलं

"माझ्या माघारी कुस्त्या बघतीस व्हय गं?" संपत बायकोवर ओरडला. टीव्हीनं वर्षअखेरीचा हिशोब पडद्यावर मांडला होता: सगळ्यात जास्त पाहिली कुस्ती, पुन्हा पुन्हा पाहिला धोबीपछाड. "मला पाडायचा बेत हाय तुझा?"

शालननं रिमोटला कधी हातही लावला नव्हता. पण तसं सांगून मार चुकत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. पट्ट्याचा पहिला फटका पाठीवर बसला. तिनं डोकं झाकून घेतलं.

"तिला कशाला मारतोस? मी बघत होते," खाटेवरून सासू म्हणाली.

"आये, तू गप पड!"

म्हातारी उठली. तिनं पदर खोचला आणि लेकाचं मनगट धरून त्याला खांद्यावर घेतलं. संपत असा उडाला, की पंख्याची पाती वाकवून, टीव्ही फोडून, थेट परड्यातल्या शेणात पडला. त्याचे दोन दात कोंबड्यांनी टिपले. भूकंप झाला म्हणून गावची शाळा सुटली.

संपत शिव्या देत उठू लागला. शालन दारात उभी होती.

"बघत काय राहिलीस, पोरी?" सासू हात झटकत म्हणाली. "पाय धर त्याचे. पुढच्या डावाला दोघी लागतात."