बाबांचा उजवा हात

सूर्य टेकायला आला तेव्हा त्याने बाबांना बंदराच्या धक्क्याच्या टोकाला, कठड्यापाशी उभे केले आणि स्वतः थोडे मागे येऊन ट्रायपॉड लावला. सहलीतला हा शेवटचा फोटो. अर्धे मिनिट कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवायचे होते. तेवढ्या वेळात जे हलते ते पुसट होते, येणारी-जाणारी गर्दी तर उमटतच नाही.

"मग माझा हातही पुसला जाईल की रे," बाबा हसले. "बरंच आहे, कटकट गेली."

आजारपणापासून त्यांचा उजवा हात सतत थरथरायचा.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला. गर्दी नाहीशी झाली होती. बाबांचा चेहरा श्वासामुळे किंचित पुसट आला होता. उजवा हात मात्र दगडात कोरल्यासारखा स्पष्ट होता.

त्याने मान वर केली. हात नेहमीसारखाच थरथरत होता.

एका निरीक्षणावर विश्वास ठेवायचा नाही, हे तो शिकला होता. त्याने दुसरा फोटो काढला. त्यातही हात स्पष्टच होता, पण आता तो कठड्याबाहेर पाण्याकडे ताणलेला होता आणि बोटे कशाभोवती तरी मिटलेली होती.

"बाबा, हात बाहेर का काढलात?"

"कुठे? शाळेतल्यासारखा सरळ उभा आहे की!"

"इकडे या. आत्ताच्या आत्ता."

"येतो ना," बाबा म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. ते गोंधळून स्वतःच्या हाताकडे बघत होते. हात कठड्याबाहेर पाण्याकडे ताणला गेला होता, आणि आता तो मुळीच थरथरत नव्हता.