बरणीतलं बोट

लाकडं कापताना ओब्रादचं बोट करवतीत तुटलं. धाकट्या भावाने, मिलोयेने, ते राकिया दारूच्या बरणीत बुडवून इस्पितळात आणलं.

हाताच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डातली नर्स रादोयका उसळली, "लोणचं घालतोस का रे? दारूत मेलं ते बोट. आता नाही जोडता येणार!"

"घाबरलो, सिस्टर. खेडवळ माणसाला काय कळतं?"

ओब्राद विव्हळला, "रविवारच्या लग्नात बँडपुढे ट्रम्पेट कोण वाजवणार?"

"मी आहे ना, दादा!" मिलोयेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या हाताच्या अंगठ्यावरचा व्रण रादोयकाने ओळखला. गेल्या वर्षी तो तुटलेला अंगठा ओब्रादने ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, बर्फावर ठेवून आणला होता. 'असा आणला म्हणूनच जुळला,' हे तिने तेव्हा मिलोयेला बजावून सांगितलं होतं.

तिने बरणी त्याच्या छातीवर आदळली. "घे. रविवारी वाजवण्याआधी हीच पी."