पोट दुखत नव्हतं

"गर्भपिशवी काढून टाकली की कटकटच मिटली," डॉक्टर म्हणाले. म्हणाले ते आईला. छोटी समोरच्याच खुर्चीत बसली होती, पण तिच्याकडे त्यांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

ताईनं चमकून आईकडे पाहिलं. सकाळी फोनवर आईनं एवढंच सांगितलं होतं, "छोटीचं पोट दुखतंय, सोबत चल." टेबलावर कागद तयार होता. त्यावर वडिलांची सही होती. 'रुग्णाची सही' असं छापलेल्या जागी आडवी रेघ मारलेली होती. सव्वीस वर्षांची छोटी गतिमंद मुलींसाठीच्या मेणबत्त्यांच्या कार्यशाळेत रोज हजेरीवर स्वतः सही करायची, जोडाक्षरासकट.

"हिला विचारलंस?" ताईनं आईला विचारलं.

"तिला काय कळतंय? दर महिन्याला मी धुते, मी पुसते. गुडघे गेले माझे. आणि उद्या मी नसताना बाहेर कुणी काही केलं हिला, तर?"

"केलं तर ते कुणाला कळू नये, एवढीच सोय करतेयस तू."

"आई, तू नाही धूत," छोटी सावकाश म्हणाली. "चार महिने झाले. माझं मी करते. कॅलेंडरवर खूण पण करते. बाईंनी शिकवलं."

"बघा," आई डॉक्टरांकडे वळली. "त्या कार्यशाळेतल्या बाईंनी भलभलतं भरवलंय डोक्यात. शरीराची चित्रं काय दाखवतात, सगळ्याची नावं काय घ्यायला लावतात. परवा हिच्या मामांनी गालगुच्चा घेतला, तर ही चारचौघांत म्हणते, मला नाही आवडत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

डॉक्टर समजूतदारपणे हसले. "झोपवा तिकडे. तपासून घेऊ."

छोटी तपासणीच्या टेबलावर आडवी झाली. डॉक्टरांनी तिचा टॉप वर करायला हात घातला.

"थांबा," छोटी म्हणाली. "काय करणार, ते आधी सांगा."

हात थांबला नाही. छोटीनं तो ढकलून दिला.

"जरा धरा हिला," डॉक्टर म्हणाले. तेही आईलाच. "दोघी दोन बाजूंनी."

आईनं छोटीचं उजवं मनगट आवळलं. डावा हात मोकळा होता. औषध पाजताना, केस कापताना, इंजेक्शनच्या वेळी, आजवर तो हात नेहमी ताईनंच धरला होता. डॉक्टर तिची वाट बघत होते. आईही.

"ताई," छोटीनं विचारलं, "तू पण धरणार?"

ताई पुढे झाली. तिनं आईचं मनगट पकडलं आणि छोटीच्या हातावरून आईचं एकेक बोट सोडवायला लागली.