गुरुप्रसाद सरांची पट्टशिष्या

गेल्या वर्षी स्वप्नीलचा इंग्रजी बायोडेटा सरांनी लाल शाईनं रंगवून परत पाठवला होता. मुलात खोट काही नव्हती. पण स्वल्पविराम कसे, तर उप्पिटावर खोबरं भुरभुरावं तसे, हात जाईल तिथं. आता तोच स्वप्नील, दाजीबानपेठेतल्या कापडदुकानदाराचा मुलगा, आईला घेऊन धारवाडला त्यांच्याच सोफ्यावर बसला होता.

“अप्पा, लग्न करीन तर ह्याच्याशीच,” मेधानं सकाळी बजावलं होतं. “तेवढं स्वल्पविरामाचं काढू नका की आज.”

“काढणारच! जन्मभर इंग्रजी शिकवून असला जावई आणू होय? जरा माझ्या सावनीकडं बघ.”

सावनी म्हणजे सरांची पट्टशिष्या. पुण्याची. मेधानंच गाठ घालून दिलेली. वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर शिकत होती. पोरगी गुणी, पण भारी लाजरी. फोनवर कधी बोलायची नाही आणि फोटोच्या जागी जास्वंद. उदाहरणं मात्र झकास द्यायची: ‘सारीज, शॉल्स, अँड ब्लँकेट्स.’ कापडाची हौस असावी बिचारीला. निवृत्तीनंतर सरांना पुन्हा मास्तर झाल्यासारखं वाटलं ते तिच्यामुळं.

शिरा-उप्पीट झालं. सरांनी चष्मा पुसला. मेधानं डोळे मिटून घेतले.

“बटच्या आधी स्वल्पविराम कधी?”

“दोन्हीकडं पुरी वाक्यं असली तर, सर.”

“यादीत, शेवटच्या अँडच्या आधी?”

“काही लोक देत नाहीत. आपण द्यायचा.”

सर पुढं सरकले. अगदी त्यांचंच मत.

“आणि दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली तर?”

“पाप, सर.”

सरांना भरून आलं. माणूस वर्षात एवढा सुधारतो! “कौसल्या,” त्यांनी बायकोला हाक मारली, “साखर आण! ठरलं!”

मेधा चक्क रडायला लागली. स्वप्नीलची आई सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत सुटली. सरांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि खिशातून मोबाइल काढला.

“पहिली बातमी सावनीला,” ते म्हणाले. “बोलली नाही तर नाही, ऐकेल तरी.”

“अप्पा, नको!” मेधा ओरडली.

पण सरांनी फोन लावला होता, आणि स्वप्नीलचा खिसा वाजू लागला.