नर्स काय म्हणाली

“तिला कळवायचं नाही,” ऑपरेशनला नेत असताना मुलाने आईला पुन्हा बजावलं. “माझी शपथ आहे तुला.”

शपथेपुढे आईचा नाइलाज झाला. सून घर सोडून गेली त्याला बरेच महिने झाले होते. चूक मुलाचीच होती, तरी तेव्हा आईने तोंडातून ब्र काढला नव्हता. ते तिला अजून डाचत होतं.

बाहेरच्या बाकावर ती एकटीच बसली. परका देश, परकी माणसं. मुलाच्या पोटातली गाठ कसली निघते, या धास्तीने तिचे हातपाय गार पडले होते.

दार उघडून नर्स बाहेर आली. आई झटकन उठली. बंद दाराकडे बोट दाखवून तिने हातानेच विचारलं, कधी?

नर्सने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “सून,” ती म्हणाली. “सून.”

आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतून फोन काढला.

“अगं, मी बोलतेय. त्याचं पोटाचं ऑपरेशन चाललंय. तुला कळवू नको म्हणाला होता, पण इथली नर्स ऐकेल तर ना! सारखं आपलं सून, सून.”

पलीकडून सुनेचा आवाज आला.

“सून म्हणाली?”

“दोनदा.”

“नीट ऐकलंत ना, आई?”

“कान शाबूत आहेत माझे. दवाखान्याचा नियमच असेल तसा. आता मी सून आणू कुठून?”

मग सून म्हणाली, “निघते.”

ती आली तेव्हा कामावरचं ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. सासूशेजारी बसून तिने तिचा गार हात हातात घेतला.

शेवटी नर्स आली. गाठ साधी होती. तो शुद्धीवर आला होता. आत एकालाच सोडणार होते.

“जा,” आईने सुनेला पुढे ढकललं. “तुलाच बोलावलंय.”

दाराशी नर्सने सुनेला इंग्रजीत विचारलं, “तुमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही वाटतं? मघापासून नुसत्या खुणाच करताहेत.”

सुनेने मागे वळून पाहिलं. आई छताकडे बघत होती.

“‘सन’ म्हणजे मुलगा आणि ‘सन’ म्हणजे सूर्य, यात शाळेत यांच्या इंग्रजीच्या तासाला मी घोळ घातला, तेव्हा भर वर्गात बाकावर उभं केलं होतं यांनी मला.”