पाइपांवर मिळालेलं विमान

"गळ्यात, खिशात काही लोंबतं ठेवायचं नाही," पाइप कंपनीचा साहेब म्हणाला. "विमान वर जाऊन उलटं होणार आहे."

नेकनूरच्या रुद्रप्पानं आधी घड्याळ काढलं, मग दुकानाच्या किल्ल्या. शेवटी हात सदऱ्याच्या आत गेला आणि तिथंच थांबला. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. लिंगायताच्या गळ्यात ते जन्मताच पडतं आणि मातीत जाताना सोबत जातं. मधे उतरवायची सोय नाही.

आष्टीच्या पुढं माळावर मुरूम दाबून कंपनीनं धावपट्टी केली होती. त्या वर्षांत कंपन्या अशा सुटल्या होत्या की दुकानदार शिंकला तरी पॉइंट द्यायच्या. रुद्रप्पानं इतके पाइप विकले की नेकनूरच्या शिवारात पाण्याहून पाइप जास्त झाले. उंदीर आता त्यातूनच सोयरिकीला जात. पॉइंटांवर काय काय मिळतं त्याचं चकचकीत पुस्तक आलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, दानम्मानं, पिठाच्या चक्कीवर बोट ठेवलं होतं. रुद्रप्पानं पान उलटून विमानाच्या फेरीवर बोट ठेवलं. गावचा पुढारी विजयसिंह एकदा विमानानं दिल्लीला जाऊन आला होता आणि वर्षभर तेच सांगत होता.

"त्यो सरळ बसून गेलता," रुद्रप्पा तेव्हा म्हणाला होता. "आपून उलटं जाऊ."

दानम्मा आता जवळ सरकली. "आवं, ऱ्हाऊ द्या हे. मला चक्कीबी नको. घरी चला."

"पॉइंट गेले की. दुसऱ्यांदा कोण बसवतंय?" त्यानं डबी तिच्या ओंजळीत ठेवली. "घटकाभराचं तर हाय."

डबी अंगाच्या उबेनं गरम होती. दानम्मानं ती पदरात घट्ट धरली. तिला त्याच्या आज्याची गोष्ट आठवली. गिऱ्हाईक आलं की रुद्रप्पा ती सांगायचाच. पुरात आज्याचं लिंग वाहून गेलं, तर गडी दोन दिवस गळाभर पाण्यात उभा राहून ते शोधत होता. पण अंगावर लिंग नाही म्हणून पाण्याचा एक घोट त्यानं घेतला नाही. थाप असेल. पण सांगताना रुद्रप्पाचा हात दर वेळी छातीवर जायचा.

विमानानं वर एक कोलांटी मारली, मग दुसरी. तिसरीला माळावरच्या शेळ्यांनी चरणं सोडलं. दानम्मानं मान वर केली नाही.

रुद्रप्पाला दोघांनी बखोटं धरून उतरवलं. तोंड हळदीसारखं पिवळं, सदरा पुढून ओला.

"पाणी," तो म्हणाला.

साहेबानं बाटली पुढं केली. दानम्मानं पदर उघडून डबी पुढं केली. रुद्रप्पाचा हात दोन्हींच्या मधे आला आणि बाटलीकडं गेला. तो घटाघटा प्याला. बाटली रिकामी केली. तिला वाटलं, आता तरी डबी मागेल. त्यानं दुसरी बाटली मागितली.

तिनं डबी पदराच्या टोकाला बांधली. गाठीवर गाठ मारली.

साहेबानं रुद्रप्पाच्या मोकळ्या गळ्यात रिबिनीचा पितळी बिल्ला घातला, फोटो काढला. जीप निघाली तशी रुद्रप्पाच्या जिवात जीव आला. ड्रायव्हरला तो सांगू लागला की उलटं असताना पार बीड दिसलं, आणि विजयसिंहाची माडी तर कोंबड्याच्या खुराड्याएवढी. दानम्मा मागच्या बाकावर बसून ऐकत होती.

नेकनूर जवळ आलं तसं त्याचं बोलणं अर्ध्यावर तुटलं. चेहरा उतरला. हात झटक्यानं छातीवर गेला, सदरा चाचपू लागला. पदरातली गाठ दानम्माच्या मुठीत आवळली गेली.

त्याच्या हाताला बिल्ला लागला. त्यानं तो मुठीत धरला, दाबून पाहिला.

"हाय," तो पुटपुटला, आणि पुढं सांगू लागला.